आधी कुणी बोलायचं

दवाखान्यात मंडईशेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष वर्तमानपत्र उघडून बसले होते. शेजारच्या बाकावर मंडईतली भाजीवाली आणि तिची धाकटी जाऊ.

"लघवीला जळजळतंय म्हणून आणलंस खरं, पण डॉक्टर काय सांगणार? पाणी पी. पिऊन जाऊ कुठं?"

"ताई, मंडईत बायकांसाठी संडास बांधणार होते ना?"

"पालिका तयार होती गं. म्हणाली, सोसायटीवाले आणि दुकानदार एकत्र बसा, जागा ठरवा, लगेच काम सुरू करतो."

"मग बसले नाहीत?"

"बसले की! पण आधी कुणी बोलायचं, यावरून सोसायटीचा अध्यक्ष ताडकन उठला. मग दुकानदारही उठले."

"आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

"आम्हाला खुर्च्या मांडायला बोलावलं होतं."

"दिसतो कसा गं मेला?"

"पाठच बघितली. तरातरा निघाला होता."

अध्यक्षांचे कान तापले. तेवढ्यात कंपाउंडरनं दार उघडलं.

"या अध्यक्षसाहेब!"

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. धाकटीनं पदर तोंडाला लावला.

"यांना... यांना आधी घ्या," अध्यक्ष कसेबसे म्हणाले.

"नको साहेब, तुम्हीच जा," भाजीवाली म्हणाली. "तुम्ही आत गेलात, की आम्हाला पुढचं बोलता येईल."