बक्षिसाचं गाणं

—अहो, तिथं नका बसू, त्या भिंतीचा चुना पाठीला लागतो, मग बायको विचारेल कुठं लोळून आलात म्हणून. इकडं बसा, चटईवर. आणि आता जे सांगितलंत ते पुन्हा सांगा — सावकाश, तुमची पुण्याकडची मराठी फार पळते. रविवारी त्या फिल्मी साप्ताहिकाचा बक्षीस समारंभ, बरोबर? वर्षातलं सर्वांत चांगलं गाणं म्हणून नारायणस्वामीच्या गाण्याला चांदीचा कप मिळणार. आणि मी, कृष्णवेणी, सेतुमाधव भागवतरांची मुलगी — मी तिथं पहिल्या रांगेत बसायचं, त्याचं नाव पुकारलं की उठून उभं राहायचं, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं की ही चाल ह्या माणसाची नव्हे, माझ्या अप्पांची आहे. एवढंच ना? मग कप त्याच्या हातून जाईल, आणि दुसरा नंबर कुणाचा आहे — बोला की! लाजता काय? — तुमच्या कृष्णकांतचा. वा रे वा! म्हणजे चोर मी पकडायचा आणि कप शेजाऱ्यानं न्यायचा.

मला कळतं हो, तुम्हालाच का पाठवलं ते. तंजावूरची म्हातारी मराठी बाई, दारात मराठी बोलणारं पोरगं उभं केलं की पाघळेल — असं वाटलं ना त्या कृष्णकांतला? तो मुंबईहून आला, कोडंबाकमच्या स्टुडिओत पिक्चरच्या चाली बांधतो, तुम्ही त्याचे मदतनीस. सरि, ठीक. पण तुमची मराठी वेगळी, आमची वेगळी. आम्हाला इकडं येऊन पिढ्यान्‌पिढ्या झाल्या — भाजीवालीशी तमिळ, देवाशी मराठी, आणि भांडायचं झालं तर दोन्ही. नाव काय म्हणालात? विद्याधर. तर विद्याधरा — आता तूच म्हणते, माझ्या भाच्याएवढा आहेस — कापी पी आधी. पी रे! आल्या माणसाला कापी दिल्याशिवाय आम्ही भांडत नाही.

बक्षीस! कसलं बक्षीस? कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाबद्दल दिलं? वाचक मतं देतात म्हणतोस. कोण वाचक? परवा कोपऱ्यावरच्या चेट्टियाराकडून शेंगदाणे आणले, ह्याच साप्ताहिकाच्या कागदात बांधलेले. उलगडून बघते तर मधोमध चौकोनी भोक! कूपन कापून घेतलेलं. नटांच्या नावानं मंडळं काढलेली रिकामटेकडी पोरं रद्दीच्या दुकानात बसून कात्री चालवतात, आणि मग हे जाहीर करतात — जनतेनं निवडलेलं गाणं! जनतेनं कुठलं, कात्रीनं निवडलेलं. आणि मला विचारशील तर मी ते गाणं ऐकलेलंही नाही. असली गाणी मी ऐकत नाही. वेळ कुणाला आहे?

समारंभ मात्र पाहिलाय, गेल्या वर्षीचा. गेले नव्हते रे — मला कोण बोलावतंय! — थेटरात दाखवतात ना, मुख्य पिक्चरच्या आधी, शेजारच्या भवानीनं ओढून नेलं होतं. काय पाहिलं? मोटारी पाहिल्या. मोटारीतून उतरणारे पाय पाहिले. नट आला की पोरं फाटकावर चढतात, पोलीस काठ्या उगारतात, आणि तो हात जोडतो, जोडतो, जोडतच राहतो, खाली म्हणून घेत नाही. गाण्याचा कप कुणाच्या हातात दिला सांगू? जिनं पडद्यावर ओठ हलवले तिच्या! जिनं गायलं ती बिचारी मागं कुठंतरी पदर आवळून बसलेली — कॅमेरा तिच्यावरून असा निघून गेला, जणू खुर्ची रिकामीच. आणि बाहेर दाराशी एक म्हातारा नागस्वरमवाला. मंत्री येईपर्यंत वाजवत होता. मंत्री आत गेले आणि कुणीतरी त्याला नुसती हातानं खूण केली — पोदुम, पुरे. राग अर्ध्यावर होता रे त्याचा! त्यानं मुकाट्यानं वाद्य खाली घेतलं आणि तोंड पुसलं. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. आणि ही भवानी म्हणते, मामी, तिची साडी बघा, जर बघा. गाढवाला गुळाची चव काय! येताना वाटभर मी तिच्याशी बोलले नाही.

अप्पांना? छे. अप्पांना कधी काही मिळालं नाही. अप्पा हरिकथा करायचे, म्हणून भागवतर. कथा तमिळमधून, पण मध्येमध्ये साक्या, दिंड्या त्या मराठीच — ही आमची तंजावूरची रीत. ऐकणाऱ्याला शब्द कळोत न कळोत, साकी लागली की माणूस डोलायचा. आणि अप्पांना बक्षिसाची पर्वा नव्हती, लिहून ठेव. मुळीच नव्हती. देव ऐकतो, बाकीचे ऐकले काय, न ऐकले काय — असं म्हणायचे. ... बरं, होती. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? कुठल्याशा जमीनदारानं एक शाल दिली होती, ती भर मे महिन्यात, ह्या मद्रासमध्ये, अंगावर घेऊन ओट्यावर बसायचे. घामानं निथळत. कुणी विचारलं की म्हणायचे, जरा थंडी वाजते. मद्रासमध्ये थंडी! एका संगीतसभेनं पदवी देऊ म्हणून सांगितलं होतं, तर दर मार्गळी महिन्यात, सगळीकडं गाण्याच्या कचेऱ्या, मैफली सुरू झाल्या की नवं धोतर काढून ठेवायचे. बोलावणं आलं नाही. अप्पा गेल्यावर मात्र शोकाचा ठराव केला म्हणे, सगळे जण उभे राहिले. जिवंतपणी बसून ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण नाही. माझं तर ह्या सगळ्या शालीवाल्या, कपवाल्या, पदवीवाल्या लोकांवरून मनच उडालं.

नारायणस्वामी? होता की आमच्याकडं. अप्पांच्या शेवटच्या दिवसांत पेटीच्या साथीला होता. ह्याच चटईवर निजलाय, ह्या हातचा आंबटी-भात जेवलाय. मग गेला कोडंबाकमला. आयत्या बिळावर नागोबा! आमची सीतास्वयंवरातली साकी, अप्पांनी स्वतः बांधलेली चाल — ती उचलली, खाली ढोलकबिलक घातलं, वर चांदण्याची तमिळ कविता चढवली, झालं वर्षातलं सर्वांत चांगलं गाणं. आणि छापून काय येतं ठाऊक आहे? की संगीतकारानं एक नवीनच ढब काढली! दुसऱ्या ओळीत शब्द अर्ध्यावर तुटतो, गाणारीचा गळा गप्प होतो, मागं एकटं व्हायोलिन स्वर धरून राहतं, आणि मग उरलेला शब्द येतो. विरह कसा दाखवलाय, धाडस कसं केलंय — रकानेच्या रकाने! कप त्या ढबीलाच आहे म्हणे. ढब! अरे, दमा होता तो माझ्या अप्पांचा!

हो, मघाशी म्हणाले ऐकलं नाही. ऐकलंय. कान काय बंद करता येतात?

दमा. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. धाप लागणाऱ्या भागवतराला कथेला कोण बोलावणार? साकी वर चढली की ‘वैदेही’पाशी त्यांचा श्वास संपायचा. ‘वै’ म्हणायचे, आणि पुढं काही नाही. छाती नुसती वर-खाली. मग मी धरायचे. तोच स्वर मी मागून धरून ठेवायचे, त्यांना श्वास मिळेपर्यंत, मग ते उरलेलं ‘देही’ म्हणायचे, आणि लोक मान हलवायचे — वा! मागून म्हणजे अगदी मागून, देवाच्या तसबिरीमागं पडदा लावलेला असायचा तिथून. विधवा बाई कथेच्या पाटाशेजारी बसलेली कुठल्या सभेला चालली असती तेव्हा? नवरा गेला, कोवळ्या वयात माहेरी परत आले, सगळे म्हणाले हिला कोपऱ्यात ठेवा. अप्पांनी हातात तंबुरा दिला आणि पडद्यामागं बसवलं. मला ऐकलंय सगळ्या मद्रासनं, पाहिलं कुणी नाही. एकट्या पेटीवाल्याला ठाऊक होतं, तो पडद्याच्या कडेला बसायचा ना. त्यानं सगळंच्या सगळं नेलं. श्वास अप्पांचा नेला, आणि त्या व्हायोलिनच्या जागी — जाऊ दे. मी काय सांगत बसले तुला हे. कापी गार झाली तुझी.

पहिल्यांदा भवानीच्या रेडिओवर लागलं, सिलोनवरून. मी मागं इडलीचं पीठ वाटत होते. साकी ओळखली आणि तोंडाला येईल ते बोलले — चोर, भामटा, नरकात जाशील! आणि तेवढ्यात तो शब्द तुटला. विद्याधरा, पिठाचे हात तसेच, मी स्वर धरला. मोठ्यानं. धरूनच ठेवला. भवानी धावत आली — मामी, काय झालं, काय झालं! काय सांगणार तिला? अप्पांना श्वास मिळेना म्हणून सांगू? आता ती गाणं लागलं की भिंतीवरून हाक मारते, मामी, तुमचं पाट्टु, तुमचं गाणं! आणि जाते मी. चुलीवर दूध असलं तरी जाते. दोनदा उतू गेलं. अप्पांची रेकॉर्ड कधी निघाली नाही रे, एक फोटो होता तो ओलीनं खाल्ला. हसू नकोस. हसलास तर बघ.

पण रविवारी येणार मी! का नाही येणार? आयुष्यभर पडद्यामागं बसले, एकदा पहिल्या रांगेत बसते. त्याचं तोंड बघायचंय मला. कपाला हात लावतोय न लावतोय तोच उभी राहणार, आणि असं बोलणार, असं बोलणार की ते मंत्री नि नट नि त्यांच्या मोटारी सगळं जागच्या जागी थिजलं पाहिजे. घेऊ देत चित्र. दाखवू देत थेटरात. भवानीला म्हणावं, आता बघ साडी! गाडी पाठवशील ना? बसला मी यायची नाही, सांगून ठेवते. पांढरी नेसू की ती गव्हाळी काठाची —

आणि मग त्या गाण्याचं काय होईल रे?

मागं घेतील? मागं म्हणजे? ... दुकानातून? आणि सिलोनवरून? तिथूनही? ... सगळीकडून. असं. कंपनी घाबरेल म्हणून. हं.

मग? ... कृष्णकांत करेल? नवीन रेकॉर्ड? अप्पांच्या नावासकट — वर छापून? सेतुमाधव भागवतर म्हणून? शप्पथ? अय्यो, अरे हे आधी नाही का सांगायचं! थांब, थांब जरा ... काही नाही, चुलीचा धूर. सेतुमाधव भागवतर, तंजावूर. तंजावूर घाला म्हणावं हं, विसरू नका, अप्पांना आवडायचं ते. गाणार कोण? ... चांगली आहे ती, गळा गोड आहे. आणि साकी मराठीतच? मराठीतच! बघ बाई. सीतास्वयंवर मराठीत, रेकॉर्डवर. अप्पा असते तर शाल काढून — आणि काय म्हणालास?

नाही, ते नव्हे. त्याच्या आधी. ... शुद्ध करून. शुद्ध म्हणजे?

तो अडखळा काढून.

सलग. ‘वैदेही’ सलग, मध्ये न थांबता. कृष्णकांतनं ऐकल्या ऐकल्या सांगितलं, ही जागा चुकीची आहे म्हणून. मूळ चाल अशी नसणार, नारायणस्वामीनं बिघडवली असणार. हुशार आहे हो तुझा कृष्णकांत. त्याला कळलं.

सरि. ऊठ.

नाही रे, तुझं काही चुकलं नाही. मालकाचा निरोप तू नीट सांगितलास, आता माझा ने. त्याला म्हणावं, बाईला विचारलं, बाई म्हणाली, ही चाल माझ्या अप्पांची नव्हे. ... मघाशी? मघाशी म्हातारी बरळत होती. साप्ताहिकवाल्यांना इथं घेऊन आलास तर त्यांच्या तोंडावर हेच सांगेन. देवळात नेऊन शपथेला जळत्या कापरावर हात मारायला लावलास तरी हेच सांगेन — नारायणस्वामीची चाल, नारायणस्वामीची ढब, त्यालाच द्या तो कप, शाल द्या, मोटार द्या, जे काय द्यायचं ते द्या. आणि ते गाणं वाजवा. सकाळ-संध्याकाळ वाजवा. चोर आहे मेला, सात जन्म चोरच राहील! पण त्यानं नेलं ते धापेसकट नेलं. तुम्ही लोक अप्पांचं नाव छापणार आणि अप्पांना पुसून टाकणार.

आता ‘पण’ नाही, ‘मामी’ नाही. चपला बाहेर आहेत. जा.