काहिलीपुढची चालू घडी

...आणि वर म्हणतात, चालू घडीत राहा. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या घडीत कुणाला राहता येतं का हो? मागच्या घडीत जागा मिळाली असती, तर मी बिऱ्हाड उचलून कधीच गेलो नसतो? पण महाराज पुण्याहून इंदापुरात आलेले, आणि आमच्या बहिणीचे यजमान, मेहुणे मोहनराव म्हणजे... 'बायकू जाऊन म्हैने झालं, ह्यो मानूस बोलत न्हाय, म्हाराजांच्या पायावर घालू या.' नेलं मला, बाजारात बैल नेतात तसं.

तुम्हाला सांगतो, पहिल्या दिवशी देवळात हातावर एकेक शेंगदाणा. 'साधकहो, सावकाश चावा. मागचे नको, पुढचे नको, चालू घडीत राहा.' सगळं देऊळ एक दाणा चघळत बसलंय... शेजारच्या बनाबाई, तोंडात दात दोन, त्या म्हणतात, 'म्हाराज, मला रोजच येवढा येळ लागतो. मी शिद्ध झाले म्हना की.' आणि महाराज? डोळे मिटलेले, पण मुदपाकखान्यातून तळणाचा वास आला की नाक तिकडं. किळस आली हो. आम्ही चालू दाण्यात आणि हे पुढच्या भज्यांत!

काल तर कहर. 'संपूर्ण चालू घडीत कोण कधी होता? सांगा.' मोहनरावांनी मला कोपरानं ढोसलं. उठलो. म्हटलं, होतो मी.

आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. रस आटवायची काहील मीच सांभाळतो, दुसऱ्याच्या हातची मला पटत नाही. रस आटत आला, पाक धरायला लागला, की गुळव्याशी कुणी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नजर ढळली की गूळ करपला. तर मी फेसाकडं बघतोय. मागचं नाही, पुढचं नाही. काहील उतरवली, गूळ थंड व्हायला वाफ्यात ओतला, घाम पुसला, मागं वळलो... तर बायकोचा भाऊ सोनबा उभा. नरसिंहपुराहून सायकल मारत आलेला, घामाचं मीठ अंगावर वाळलेलं. म्हटलं, 'कवा आलास रं?'

'झाला बराच येळ. तुमी पाकावर हुता, दाजी. हात भाजला असता.'

'मग?'

'अक्का पहाटं गेली.'

आईला बघायला म्हणून माहेरी गेली होती हो ती. धडधाकट.

तिकडं जाणारी अकलूजची मोटार बांधावरनं तेवढ्यात निघून गेली होती, मला ऐकूसुद्धा आली नाही. मग बैलगाडी. दिवस बुडायच्या आत उरकायचं, म्हणून तिकडच्यांनी थांबता येईल तेवढं थांबून अग्नी दिला. मी पोचलो तेव्हा बायामाणसं आंघोळी करून बसली होती.

एवढं सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. तर महाराजांच्या डोळ्यांत पाणी. 'अहाहा! साधकहो, हीच ती समाधी! मोटारीचा आवाजही नाही! याला म्हणतात चालू घडीत राहणे!' आणि मला शेजारी बसवलं. गळ्यात हार घातला. मोहनराव छाती काढून सगळ्यांना सांगतायत, 'आमचं मेहुनं हायत.'

आज सकाळपासून माणसं पाया पडायला घरी येतायत. येऊ देत. चहा टाकतो, बसवतो, काय करणार...

तिचं तोंड बघायचं तेवढं राहिलं.