वांग्याच्या दोन ओळी

तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? परदेशात शेतीचं शिकून आल्यावर मी मार्केट यार्डात टाकून दिलेला फ्लॉवरचा पाला ड्रममध्ये मुरवला. त्याच्या अर्कानं पीक जोमानं वाढतं, हे शेतकऱ्यांना पटवायचं होतं. म्हणून कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवर वांग्याच्या कुंड्यांच्या दोन ओळी लावल्या. एकीला पाण्यातून अर्क, दुसरीला नुसतं पाणी. फरक डोळ्यांना दिसला की झालं!

शेतकऱ्यांना बोलवायला मी गावोगाव फिरत होते, म्हणून कुंड्या शेजारच्या काकूंवर सोपवल्या. ड्रमच्या वासाची सोसायटीत पहिली तक्रार यांचीच, पण तयार झाल्या. कुठल्या ओळीला काय, ते दोनदा बजावलं.

शेतकरी आले. बघतो तर दोन्ही ओळी सारख्याच तरारलेल्या!

"ताई, नुसत्या पाण्यावर एवढं येतंय, तर हा वास कशाला सोसायचा?" त्यातले एक जण म्हणाले आणि सगळे जिना उतरले.

मी तडक काकूंना गाठलं.

"अगं, ती ओळ बिचारी सुकल्यासारखी दिसायची," काकू म्हणाल्या. "मला बघवेना. तिलाही घातला अर्क."

"काकू, तिला पाण्यावरच ठेवायचं होतं!"

"एकीला तूपभात आणि दुसरीला पाणी? परदेशात हेच शिकवलं का तुला?"

मी खाली धावले, तर शेतकऱ्यांची गाडी निघून गेलेली. वरून काकूंची हाक आली, "ड्रम संपत आलाय हं! नवीन कधी भरतेस?"