राजूच्या गाण्यातली आलापवाली

आता मशीनच सूर लावते म्हणता ना, मंग अड्याळच्या राजूचं आइका. त्यानं घरीच मोबाईलवर गाणं रेकॉर्ड केलं, तं मागून बकरी ओरडली. भंडाऱ्याचा स्टुडिओवाला म्हणे, "असू दे, मशीन सगळं सुरात बसवते." बसवलं ना! राजूलेही अन् बकरीलेही.

गाणं गावोगाव वाजलं. एक दिवस नाटक मंडळीचा मालक घरी आला. राजू नवा सदरा घालून, गळा खाकरून बसला.

मालक म्हणे, "तुमचं राहू द्या भाऊ. मागं आलाप घेते, ते बाई कोण हाय? तिले घ्याचं हाय नाटकात."

राजूची माय आतून म्हणाली, "न्या बापा, गोठ्यात बांधून हाय. पण मशीन सोबत ठेवजा, नाहीतं तेही याच्यासारखीच ओरडते!"