सात नंबरची बाटली

नाही, पण मला सांगा, बाटलीत जराशी बुरशी आली म्हणून चार रात्री डोळ्याला डोळा न लागलेली बाई पाहिलीय का कुणी? साधीसुधी बाटली नव्हे हो ती. गरम झऱ्याकाठची माती, उकळून उकळून पार निर्जीव केलेली. रोज बूच काढून चार थेंब पाणी घालायचं, सुकवायचं, पुन्हा घालायचं... कशाला? तर कुणीच नव्हतं तेव्हा नुसत्या रसायनांतून पहिला जीव जमला कसा, त्याचा माग काढायला. आठ महिने! आणि मेक्सिकोतल्या आमच्या अख्ख्या मोरेलिया शहराचा मला एकच प्रश्न, "झालं का काही?"

माझ्या सासूबाई, रेफुहिओ, मक्याच्या पिठाचे तमाल वाफवता वाफवता, "झालं का काही? माझा राउल तर सातव्यातच आला." आता यांना काय सांगायचं? आम्हाला बाटलीत जीव नकोच असतो! दोन कण आपणहून एकमेकांना चिकटले तरी आम्ही नाचू. पण जिवंत काही दिसलं, तर ते बाहेरून शिरलेलं. जीव आला की सुतक, असा आमचा धंदा.

सोमवारी सात नंबरच्या बाटलीत बुरशीचा पांढरा कापूस. प्रयोगशाळेचे पहारेकरी चेमाकाका डोकावले नि म्हणाले, "अभिनंदन ताई, झालं की!"

आलं कुठून? तुम्हाला सांगते, आदल्या आठवड्यात मास्तरांचा संप, शाळा बंद, म्हणून माझी पाच वर्षांची नायेली तिथंच माझ्याजवळ, हातात साखरेचा पाव. तिनंच उघडलं असणार... की मीच नीट उकळलं नाही? आई म्हणून कमी, की शास्त्रज्ञ म्हणून? त्या पहिल्या जिवाचं बरं होतं, त्याला खायला टपलेलं कुणी नव्हतं. आता चमचाभर मातीलाही हे जग एकटं सोडत नाही.

उद्या आमच्या प्रमुख डॉक्टर एरेंदिरांपुढे उभं राहायचंय. माझी नोकरी वर्षावर्षाची, याच बाटल्यांवर टांगलेली. त्याही विचारणार, "झालं काय नेमकं?" मी वाक्य पाठ केलं, लेकरू आहे हो, हात लागला असेल. लाज वाटली. पण बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू...

तरी आज न्याहारीला तिला मांडीवर घेतलं, मऊ आवाजात म्हटलं, "राणी, त्या बाटलीचं बूच तू काढलंस का गं? मी रागावणार नाही."

तिनं पाव खाली ठेवला.

"तूच काढलंस. फोनवर बोलत बाहेर गेलीस, बाटली तशीच उघडी. मग मी लावलं, हात पुसून." पाव पुन्हा उचलत म्हणाली, "मी कुणाला नाही सांगितलं. तुला ओरडले असते ना."