ताटाखालचा कांदा

पोरीहो, माहा लेक कॅनडात गेला तो तिकडलाच झाला. त्याची इरा तिथंच जन्मली. यंदा इकडं आली तं तिले भातकुली गावाले माह्या जावेकडे नेलं. जेवाच्या वक्ती पोरगी पानी वाढाले उठली, तर जाऊ म्हने, "बस बाई, पावन्याले कामं नाई सांगत आमी."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. माह्या कानात म्हने, "आजी, मी पाहुणी आहे का गं?"

ताटात वांग्याची पातळ भाजी आली. इरानं अर्धा कांदा उचलला अन् ताटाखाली सरकवला. रस्सा सारा एका बाजूले आला.

जाऊ पाहातच राहिली. "हे कोनं शिकवलं तुले?"

"बाबा असंच करतात."

"तुह्या बापाचा आजा असाच करे. त्याच्या सैपाकघराची जमीन तरी उतरती होती. तुमच्याकडे टेबलंबी वाकडे असतात काय?"

"नाही, सपाट असतात. पण बाबा म्हणतात, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही."

जावेनं तांब्या तिच्यापुढं आदळला. "मंग बसली काय पावन्यावानी? ऊठ, सगळ्याइले पानी दे."

पोरीच्या हातून अर्धं पानी माह्या लुगड्यावर सांडलं. जावेनं पोरीले अशी झापली का इचारू नका, अन् पोरगी खुदूखुदू हसून राहिली.