चहाचं बघणाऱ्या बाई

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा कारभार इतकी वर्षं सांभाळणारे आदरणीय हंबीरराव काका, भर उन्हात साताऱ्याहून येऊन आमच्याही आधी पोहोचलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील संचालक मंडळी, मुख्याध्यापिका मॅडम, सर्व शिक्षक, पालक, आणि पुढच्या सतरंजीवर मांड्या घालून कंटाळलेल्या माझ्या छोट्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना संयोगिताचा नमस्कार.

मी भाषण कागदावर लिहून आणलं आहे. पाठ केलं की मधलं एक वाक्य विसरते आणि त्याच्यामागची सगळी वाक्यं त्याच्याबरोबर जातात. तेव्हा मान खाली घालून वाचलं तर तो उद्धटपणा समजू नये.

सुरुवातीला दोन दुरुस्त्या करायच्या आहेत. शाळेच्या फाटकावर माझा फोटो असलेला फ्लेक्स लावला आहे आणि माझ्या मागे लंडनचा घड्याळाचा मनोरा दाखवला आहे. मी लंडनला कधीही गेलेले नाही. मी तीन वर्षं थायलंडच्या ईशान्येला एका लहान शहरात शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. तिथे उसाचे ट्रक असतात आणि हंगामात त्यांच्यामागे अडकलं की शाळेला उशीर होतो. म्हणजे पासपोर्ट काढून, विमानात बसून, मी जवळपास सांगलीतच उतरले होते.

दुसरी दुरुस्ती. निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे की माझ्या इंग्रजीचा पाया या शाळेत घातला गेला. मी या शाळेत पाचवीत आले. पाया त्याआधी घातला होता. तो कुणी घातला हे सांगते, आणि त्यानंतर काकांच्या प्रस्तावाचं उत्तर देते. प्रस्ताव आपल्यापैकी अनेकांना कळला आहेच. जूनपासून शाळेच्या इंग्रजी माध्यमाच्या विभागाची मी प्रमुख व्हावं, अशी घोषणा माझं भाषण झाल्यावर काका करणार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. काका ते धरून चालले आहेत, तो त्यांचा लोभ.

लहानपणी माझ्या पायाची मिरजेला पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाली. वडील फौजेत, आई त्यांच्यासोबत पठाणकोटला. मी सांगलीत बनुआत्याकडे. आत्याचं घर हळदीच्या वखारीसमोर होतं आणि माझी खाट खिडकीशी. शाळेत जाणं शक्य नव्हतं, म्हणून आत्याने घरीच शिकवलं. आत्या बारावी आणि डी.एड. होती. तिचं इंग्रजी फार उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. तिचे उच्चार ऐकून मला पुढे कॉलेजात हसू यायचं, आणि ते माझ्या तोंडून निघायचे तेव्हा कॉलेजला हसू यायचं.

पण तिने शिकवलं कसं ते सांगते. पुस्तकात पहिले शब्द होते बस, ऊठ, ये, जा. माझा पाय प्लास्टरमध्ये. मी ना बसू शकत होते ना उठू. तेव्हा आत्या म्हणाली, "तू म्हण, मी करते."

मी म्हटलं, "स्टँड अप." आत्या उभी राहिली.

"सिट डाऊन." आत्या बसली.

"आणि जोरात म्हण की. अशा आवाजानं शेळीसुदिक उठायची न्हाई."

मी दिवसभर तिला उठवत-बसवत असे. कंबर धरून ती म्हणायची, "आता 'रेस्ट' हा शब्द शिक गं बाई, लय झालं." वखारीतले हमाल खिडकीतून बघून म्हणायचे, "बनुबाई, पोरगी साहेब झाली वाटतं." आत्या उलट म्हणायची, "व्हय, आणि तुमी अजून पोत्याखालीच."

थायलंडमध्ये पहिल्याच दिवशी माझ्यासमोर अशी मुलं होती जी इंग्रजी ऐकलं की बाकाखाली बघायची. मला दुसरं काही येतच नव्हतं. मी फळ्यासमोर बसले आणि म्हटलं, आता तुम्ही मला उठवा. मग प्लॉय नावाची मुलगी, सगळ्यांत लहान चणीची, हळूच म्हणाली, "टीचर, स्टँड अप." मी उठले. वर्गाला ती सत्ता इतकी आवडली की मुख्याध्यापिका धावत आल्या, मुलं कुणाला ओरडतायत म्हणून. वर्ष संपेपर्यंत ती मुलं बोलायला लागली होती. फार नाही. पण खाली बघणं थांबलं होतं.

मग पालक मेळावा आला.

आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं, फार आदराने पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "टीचर, उद्या तुम्ही विश्रांती घ्या." मला वाटलं, माझा पाय दुखतो म्हणून. तसं नव्हतं. सायकलवरून जग फिरणारा एक युरोपातला गोरा, उंच तरुण त्यांना सापडला होता. त्याच्या स्वतःच्या देशात कुणी इंग्रजी बोलत नाही. पण पालक फी भरतात ती तशा चेहऱ्यासाठी, असं त्यांनी मला समजावलं. माझ्या रंगाला पालक काय म्हणतील हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. सुसंस्कृत बाई होत्या.

मी घरी थांबले असते. पण स्वयंपाकघरात माणसं कमी होती, म्हणून मला तिथे बोलावलं. चिकट भाताच्या पुड्या बांधत मी खिडकीतून माझा वर्ग बघत होते. एका पालकाने प्लॉयला इंग्रजीत विचारलं, तुला इंग्रजी कोण शिकवतं? प्लॉयने एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. मग त्या तरुणाकडे बोट करून म्हणाली, "ही इज अवर टीचर. ही टीचेस अस व्हेरी वेल."

वाक्यात एकही चूक नव्हती. मीच बसवून घेतलं होतं.

तिचा मला राग नाही. तिला तसं सांगायला सांगितलं होतं. पुढची दोन वर्षंही मी पालक मेळाव्याला भातच बांधला. प्रत्येक वेळी चेहरा वेगळा होता, खिडकी तीच.

व्यासपीठावरच्या मान्यवरांना वाटत असेल, परदेशात आपल्या मुलीचा असा अपमान झाला. बरोबर आहे, वाटायलाच हवं. पण मला त्या खिडकीत बसताना नवल वाटलं नव्हतं, कारण ती खिडकी मी आधी पाहिली होती.

पाचवीत मी या शाळेत आले तेव्हा बनुआत्या इथेच पहिलीच्या वर्गावर होती, तात्पुरती म्हणून. तात्पुरती ती कितीतरी वर्षं राहिली. तपासणीचे साहेब आले, स्नेहसंमेलनाचे पाहुणे आले, की तिला निरोप यायचा, "बाई, आज तुम्ही चहाचं बघा." तिचा वर्ग त्या दिवशी दुसऱ्या बाई घ्यायच्या, ज्या 'आमी' आणि 'न्हाई' म्हणत नसत. तिने शिकवलेल्या कविता मुलं त्यांच्यासमोर म्हणायची आणि साहेब त्यांना शाबासकी द्यायचे. मी वर्गाच्या दारातून आत्याला ट्रे घेऊन जाताना बघायचे. पुढे इंग्रजी विभाग निघाला. मग तिला वर्गच उरला नाही, आणि चहा मात्र कायम झाला.

काका, हे मी आपल्या पाठीमागे बोलत नाही. मागच्या आठवड्यात आपल्या घरी येऊन बोलले आहे. मी विचारलं होतं, बनुआत्याला व्यासपीठावर बसवता येईल का. आपण हसलात. खूप प्रेमाने हसलात.

"अगं पोरी, पत्रिका छापून झाल्या. स्टेजवर खुर्च्या मोजून लावल्यात."

मी म्हटलं, "माझी खुर्ची द्या तिला. मी उभी राहते."

"मग सत्कार कुणाचा करायचा? आणि ती वर बसली तर चहाचं कोण बघणार?"

मी म्हटलं, मग निदान जूनपासून पहिलीचा वर्ग तरी तिला द्या. त्यावर आपण म्हणालात, "पालक काय म्हणतील? इंग्रजी माध्यमाची फी भरायची आणि बाई अशी?"

काका, हेच वाक्य मी थाई उच्चारात ऐकलेलं आहे. आपलं मराठी मला जास्त लागलं.

आज सकाळी मी आत्याला सांगितलं की मी नकार देणार आहे. तिला ते मुळीच आवडलं नाही. इस्त्री केलेली माझी सोनचाफी रंगाची साडी हातात देत ती म्हणाली, "येडी हायस का? नोकरी घे. माझं काय, मला सवय हाय."

"मला नाही होत सवय, आत्या."

"तीन वर्सं भात बांधत हुतीस की. तवा झाली हुती." हे तिचं असं आहे. जिथे लागतं तिथेच बोट ठेवते.

तर माझं उत्तर नाही असं आहे. काकांनी घोषणा करू नये, ही विनंती. मला नोकरीची गरज नाही असं कुणी समजू नये. गरज आहे, आणि दुसरी हातात नाही. पण मी हो म्हटलं तर पुढच्या वर्षी याच मांडवात पालक मेळावा होईल. मी पुढे उभी असेन, माझ्या मागे लंडनचा मनोरा असेल, आणि त्या दिवशी चहाचं कोण बघणार हे मला आत्ताच ठाऊक आहे. तिथे मी खिडकीच्या आत होते. इथे मला बाहेरचा चेहरा व्हायचं नाही.

संस्थेने माझा सत्कार केला, शाल दिली, श्रीफळ दिलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पाहुण्यांनी इतका वेळ ऐकून घेतलं, त्यांचे आभार. सतरंजीवरच्या मुलांचे विशेष आभार, कारण त्यांना यातलं बरंच काही कळलं असावं असं त्यांच्या गप्प बसण्यावरून वाटतं. बोलण्याच्या ओघात कुणाला दुखावलं असेल, आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलले असेन, तर पदरात घ्यावं. उच्चार चुकले असतील तर तो दोष माझा. जे बरोबर आलं असेल त्याचा धनी मागच्या खोलीत आहे. तिथेही कर्णा लावलेला आहे, त्यामुळे तिने सगळं ऐकलं आहे आणि संध्याकाळी मला ते भोगायचं आहे.

एवढ्यात चहा येईल. मी लहानपणी खाटेवरून त्या बाईंना दिवसातून कितीदा तरी म्हटलं, स्टँड अप, आणि त्या माझ्यासाठी प्रत्येक वेळी उभ्या राहिल्या. आज मी तेच तुम्हाला म्हणते, मराठीत आणि हात जोडून. त्या ट्रे घेऊन मांडवात येतील, तेव्हा बाई वर्गात आल्यावर आपण जसं करत होतो, तसं सर्वांनी उभं राहावं.

मी उभीच आहे.